दृष्टकर्मता आणि ऑनलाइन पाठ : अभ्यासक्रमाच्या पानात चित्रफीत व ध्वनिफीत कोठे बसवावी?

वैद्याच्या गुणांची गणना करताना चरकाचार्यांनी शास्त्राच्या निर्मळ ज्ञानाबरोबरच दृष्टकर्मता, म्हणजे प्रत्यक्ष कर्म पुनःपुन्हा पाहिलेले असणे, हा गुण सांगितला आहे. सुश्रुताचार्यांनी तर योग्यासूत्रीय नावाचा स्वतंत्र अध्याय लिहून, छेदनादी कर्मांचा सराव शिष्याकडून कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर कसा करवून घ्यावा याचे मार्गदर्शन केले. ऐकणे, पाहणे आणि करणे या तीन पायऱ्या आपल्या अध्यापनपरंपरेत प्रथमपासून आहेत. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांची पाने आता संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आली असताना, या तीनपैकी कोणत्या पायऱ्या त्या पानावर चढता येतील आणि कोणत्या येणार नाहीत, याचा विचार करणे क्रमप्राप्त झाले आहे.

हा विषय केवळ महाविद्यालयीन अध्यापकांचा आहे, असे काही वाचकांस वाटेल. तथापि वस्तुस्थिती निराळी आहे. ज्या क्रिया पाहण्यासारख्या व ऐकण्यासारख्या आहेत, त्यांपैकी बहुतेक आज महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपेक्षा आपल्या चिकित्सालयांत आणि फार्मसींत अधिक घडतात. आवाजावरून आणि फेसावरून तेलाचा पाक ओळखणारी जुनी जाणती माणसे आज वयाने थकली आहेत. त्यांच्यामागून आलेले कामगार वाफेची कढई आणि तापमापक यांवर विसंबून असतात. तेही योग्यच आहे. परंतु तापमापकाने न कळणारे असे बरेच काही त्या जुन्या माणसांच्या कानात व बोटांत आहे. ते नोंदविले गेले नाही तर आणखी काही वर्षांनी ते कोणत्याच पानावर बसविता येणार नाही. म्हणूनच हा विषय आम्ही या नियतकालिकाच्या वाचकांपुढे मांडीत आहोत.

थोडा पूर्वेतिहास

दृक्‌श्राव्य माध्यमातून विद्यापीठीय शिक्षण ही कल्पना नवी नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ साली पहिले विद्यार्थी घेतले, तेव्हापासून तिचे पाठ बीबीसीवरून प्रक्षेपित होत असत; हे अभ्यासक्रमीय प्रक्षेपण २००६ साली थांबले, कारण तोवर विद्यार्थ्यांच्या हाती इतर साधने आली होती. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ साली दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केले. त्यानंतर २००३ पासून आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांचा एनपीटीईएल उपक्रम आणि २०१७ च्या जुलैमध्ये केंद्र शासनाचा ‘स्वयम्’ मंच आला. ‘स्वयम्’वरील प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : चित्रफीत, लेखी सामग्री, स्वयंमूल्यमापनाची चाचणी आणि शंकासमाधानासाठी चर्चा. पुढे २०२० च्या टाळेबंदीत आयुर्वेद महाविद्यालयांनाही एका रात्रीत पडद्यावर यावे लागले.

त्या घाईच्या काळात जे घडले ते समजण्यासारखे होते. अध्यापकांनी तासभराचे व्याख्यान जसेच्या तसे मुद्रित केले आणि त्याचा दुवा पाठविला. घाई सरली तरी सवय मात्र राहिली. अनेक पाठ्यपानांवर आजही दहा-बारा दुव्यांची यादी आणि प्रत्येक दुव्यामागे पाऊण तासाचे व्याख्यान, एवढेच आढळते. त्याला ग्रंथालय म्हणता येईल, पाठ म्हणता येणार नाही.

दुवा देणे आणि पानात बसविणे

येथे एक तांत्रिक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. दुवा दिला की विद्यार्थी पान सोडून अन्यत्र जातो. तेथे चित्रफितीशेजारी आणखी वीस चित्रफिती त्याला खुणावीत असतात. त्यांत ‘अमुक व्याधीवर रामबाण उपाय’ अशा मथळ्यांची रेलचेल असते, हे वैद्यवर्गास सांगावयास नको. याउलट चित्रफीत पानातच बसविली, ज्यास एम्बेड करणे म्हणतात, तर वाचन जेथे थांबले तेथेच एक चौकट दिसते, ती तेथेच सुरू होते, आणि संपल्यावर दृष्टी खालच्या परिच्छेदावर येते.

पूर्वी यासाठी ब्राउझरमध्ये फ्लॅशसारखी वेगळी जोडणी लागत असे. ती नसली की चौकट रिकामी दिसे. एचटीएमएल ५ या प्रमाणाने, जे २०१४ साली अधिकृत झाले, चित्र व ध्वनी थेट पानात चालविण्याची सोय केली, आणि २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार काढून घेण्यात आला. फ्लॅशमध्ये तयार केलेले कित्येक जुने पाठ त्या दिवसापासून उघडेनासे झाले. यातून घ्यावयाचा बोध असा की मूळ मुद्रण नेहमी स्वतःजवळ, प्रचलित व सर्वमान्य स्वरूपात जपून ठेवावे आणि पानावर त्याची प्रत द्यावी.

चित्रफीत विद्यापीठाच्या सर्व्हरवर ठेवावी की यूट्यूबसारख्या ठिकाणी ठेवून तेथून पानात आणावी, हा पुढचा प्रश्न. दुसऱ्या मार्गात जागेचा खर्च वाचतो आणि मंद जोडणीवर चित्राचा दर्जा आपोआप कमी होऊन ते अखंड चालते. परंतु तेथील मालकाने चित्रफीत काढून टाकली तर आपल्या पानावर भोक पडते. आणि शेवटी दाखविल्या जाणाऱ्या इतर शिफारशी काही अंशी मर्यादित करता आल्या तरी पूर्णपणे थांबविता येत नाहीत. महत्त्वाच्या व अल्प लांबीच्या चित्रफिती स्वतःच्या सर्व्हरवर आणि मोठी व्याख्याने बाहेर, अशी विभागणी आम्हांस व्यवहार्य वाटते.

स्नेहपाकाचे उदाहरण

एखादा पाठ घेऊन हा विचार तपासून पाहू. भैषज्यकल्पनेतील स्नेहपाकासारखा दुसरा योग्य विषय क्वचितच सापडेल. कल्क एक भाग, स्नेह चार भाग, द्रव सोळा भाग हे प्रमाण लिहून सांगता येते. त्यासाठी चित्रफितीची आवश्यकता नाही. मृदुपाक नस्यासाठी, मध्यमपाक पान व बस्तीसाठी आणि खरपाक अभ्यंगासाठी, हा चरकोक्त विनियोगही एका लहानशा कोष्टकात बसतो. येथवर लेखणी पुरते.

सिद्धिलक्षणांपाशी आल्यावर मात्र ती पुरत नाही. बोटांत वळला असता कल्काची वात होणे, कल्क अग्नीवर टाकला असता तडतड असा शब्द न होणे, तैलात फेस येणे आणि घृतात फेस शमणे, ही लक्षणे प्रत्येक विद्यार्थ्यास तोंडपाठ असतात. परीक्षेत तो ती बिनचूक लिहितो. परंतु तैलातील कोणता फेस सिद्धीचा आणि कोणता केवळ पाणी उकळण्याचा, हे त्याने पाहिलेले नसते. आम्ही विद्यार्थी असताना एका पातेल्याभोवती पंचवीस-तीस जण उभे असू. पाक सिद्ध होण्याचा क्षण अल्पकाळ टिकतो, आणि तो नेमका पुढच्या रांगेतील चार-पाच जणांनाच दिसतो. त्यातच पाकास कित्येक तास लागत असल्याने तो क्षण येईतो तास संपलेला असे.

हीच ती जागा, जेथे चित्रफीत बसवावी. लक्षणांच्या परिच्छेदाखाली लगेच तीन छोट्या चौकटी असाव्यात. पहिलीत पाण्याचा अंश असतानाचा मोठ्या बुडबुड्यांचा फेस. दुसरीत सिद्धीच्या वेळचा फेस. तिसरीत बोटांनी वात वळताना दिसणारा कल्क, प्रथम चिकटणारा आणि मग न चिकटता वळणारा. प्रत्येक चौकट चाळीस सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत पुरे. तासन्‌तास चालणाऱ्या पाकातून विद्यार्थ्याला पाहावयाचा भाग तेवढाच असतो, आणि तो त्याने दहा वेळा पाहावा हेच अभिप्रेत आहे. बहुशः पाहणे या शब्दाचा अर्थ येथे अक्षरशः साधतो.

शब्दपरीक्षेसाठी तर चित्राचीही आवश्यकता नाही, ध्वनिफीत पुरते. ओलसर कल्क अग्नीवर टाकल्यावर होणारी तडतड आणि सिद्ध कल्क टाकल्यावरची शांतता, या दोन ध्वनिफिती एकाखाली एक ठेवल्या तर विद्यार्थी ते लक्षण कायमचे ओळखतो. मुद्रणाच्या वेळी पंखा व मिक्सर बंद असावेत, ध्वनिग्राहक ज्योतीपासून सुरक्षित अंतरावर परंतु जवळ असावा, आणि ही परीक्षा तेलाच्या कढईपासून दूर, वेगळ्या लहान अग्नीवर करावी. अन्यथा पंख्याच्या घरघरीत तडतड हरवते आणि ऐकणाऱ्यास दोन्ही कल्क सारखेच वाटतात.

अवलेहातील तंतुमत्त्व, पाण्यात टाकल्यावर बुडणे व दाबल्यावर बोटाचा ठसा उमटणे. भस्माचे वारितरत्व व रेखापूर्णत्व. आसवारिष्टाच्या भांड्यास कान लावला असता ऐकू येणारा संधानाचा आवाज, आणि तोंडाशी नेलेली जळती काडी विझणे वा न विझणे : अशी दृक्‌श्राव्य पाठास अनुकूल स्थळे ग्रंथांत व व्यवहारात पदोपदी आहेत. औषधनिर्मात्यांच्या कारखान्यांत ही दृश्ये नित्य घडतात. चित्रीकरण करताना भांड्याचे आकारमान, घड्याळ आणि तापमापक चौकटीत दिसतील अशी दक्षता घेतल्यास त्या नोंदीचे मूल्य वाढते. कारण पाच लिटरच्या पातेल्यातील फेस आणि शंभर लिटरच्या कढईतील फेस सारखा दिसत नाही.

ध्वनिफितीचा स्वतंत्र विचार

चित्रफितीच्या आकर्षणात ध्वनिफितीकडे दुर्लक्ष होते, हे आम्हांस खेदाने नमूद करावेसे वाटते. संहितेचे सूत्र शुद्ध उच्चारात, पदच्छेदासह ऐकविणे हे ध्वनिफितीचे पहिले काम. सूत्राचा पाठ, त्याखाली ध्वनिफितीची लहान पट्टी आणि त्याखाली अन्वय, अशी मांडणी असेल तर मराठी माध्यमातून आलेला व संस्कृतची भीती बाळगणारा विद्यार्थीही आठवड्याभरात सूत्र म्हणू लागतो. प्रवासात, भोजनालयाच्या रांगेत तो ते ऐकू शकतो.

दुसरे काम रुग्णपरीक्षेचे. वातज कासाचा कोरडा आवाज आणि कफज कासाचा घुरघुरणारा आवाज यांतील भेद वर्णनाने जितका कळतो त्याहून दोनदा ऐकल्याने अधिक कळतो. हृदयध्वनीच्या ध्वनिफिती देताना मात्र एक सूचना पानावरच लिहावी : इयरफोन लावून ऐकावे. हृदयध्वनी मुख्यतः अतिशय खालच्या पट्टीतील असतात आणि भ्रमणध्वनीचा छोटा स्पीकर ते स्वर निर्माणच करू शकत नाही. विद्यार्थ्यास काहीच ऐकू येत नाही आणि तो दोष स्वतःच्या कानाला देतो.

लांबी आणि वजन

अमेरिकेतील एडएक्स या मंचावरील चार अभ्यासक्रमांतील चित्रफिती पाहिल्या जाण्याच्या ६९ लाख नोंदी फिलिप गुओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासल्या आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चित्रफीत कितीही लांब असली तरी विद्यार्थ्यांचे पाहणे साधारणतः सहा मिनिटांच्या पुढे जात नाही, असे त्यांस आढळले. तासाच्या व्याख्यानाचे तुकडे करण्यापेक्षा पाठच प्रथमपासून लहान घटकांत रचावा, हा त्यातील मथितार्थ.

दुसरी बाजू खर्चाची आहे. दीड मेगाबिट प्रतिसेकंद या दराने मुद्रित केलेल्या पन्नास मिनिटांच्या व्याख्यानाचे वजन साडेपाचशे एमबीहून अधिक होते. पाचशे किलोबिट दराच्या दहा मिनिटांच्या चित्रफितींचे वजन साधारण ३८ एमबी, आणि ६४ किलोबिट दराच्या दहा मिनिटांच्या ध्वनिफितीचे पाच एमबीहूनही कमी. ज्या गावी संध्याकाळी जोडणी रांगते, तेथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाठ मिळणे आणि न मिळणे यांतील हा फरक आहे. म्हणून पान उघडताच चित्रफीत आपोआप सुरू होऊ देऊ नये, दाबल्याखेरीज ती उतरू नये, चौकटीवर तिची लांबी व वजन लिहावे, आणि जेथे ध्वनिफितीने भागते तेथे चित्रफीत देऊ नये.

चौकटीखालील मजकूर

प्रत्येक चित्रफितीस उपशीर्षके आणि चौकटीखाली संपूर्ण मजकूर असावा. वेब-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मुद्रित चित्रफितीस उपशीर्षके असणे ही किमान पायरी मानली आहे, आणि आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही शिक्षण सुगम करण्याचे दायित्व संस्थांवर टाकले आहे. परंतु कायदा बाजूस ठेवला तरी आयुर्वेदासाठी त्याची गरज अधिक आहे. यंत्राने आपोआप तयार केलेली उपशीर्षके आपल्या पारिभाषिक शब्दांशी अडखळतात. एका पाठ्यपानावर ‘खरपाक’चा ‘खराब पाक’ झालेला आम्ही पाहिला आहे. विद्यार्थ्याने तेच टिपून घेतले तर अभ्यंगाचे तेल टाकून देण्याचा प्रसंग यावयाचा. यास्तव उपशीर्षके विषयाच्या जाणकाराने एकदा तरी वाचून दुरुस्त करावीत.

चित्रफीत जेथे थांबते

चित्रफितीच्या मर्यादाही त्याच पानावर सांगितल्या पाहिजेत. गंध, रस आणि स्पर्श ही लक्षणे पडद्यावर येत नाहीत. वर्णही फसवा असतो : कॅमेरा प्रकाशानुसार रंग आपोआप बदलतो, आणि एकच भस्म दोन पडद्यांवर दोन छटांचे दिसते. रंग दाखवावयाचा असल्यास शेजारी पांढरा कागद ठेवावा, हा साधा उपाय. नाडीपरीक्षेच्या चित्रफितीत बोटांची ठेवण तेवढी दिसते. नाडी दिसत नाही. ज्याने अशा पन्नास चित्रफिती पाहिल्या तो नाडी जाणतो असे नव्हे, आणि ज्याने बस्तिकर्माची चित्रफीत पाहिली तो बस्ती देण्यास पात्र होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीने वैद्यकाचा पदवी अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली आहे, ती याच विवेकातून. ऑनलाइन पान हे प्रात्यक्षिकाची पूर्वतयारी आणि उजळणी आहे. योग्येची जागा ते घेऊ शकत नाही.

संमती आणि सावधगिरी

रुग्णाचे चित्र वा आवाज पानात बसविण्यापूर्वी त्याची लेखी संमती, त्याला कळणाऱ्या भाषेत, घेतलीच पाहिजे. चेहरा झाकला म्हणजे ओळख लपली असे नाही. आवाज, गोंदण, खोलीच्या भिंतीवरील नाव यांवरून माणूस ओळखू येतो. उपचारास दिलेली संमती ही चित्रीकरणास दिलेली संमती नव्हे. रुग्णाने उद्या नकार दिल्यास चित्रफीत काढता येईल, अशा ठिकाणीच ती ठेवावी. सूत्रपठण करणाऱ्याचेही स्वतःच्या सादरीकरणावर कॉपीराइट कायद्यानुसार हक्क असतात. त्याची अनुमती आणि पानावर त्याचे नाव, दोन्ही असावे.

वत्सनाभ, जयपाल, पारद यांसारखी ई-१ परिशिष्टातील द्रव्ये जेथे हाताळली जातात, ती शोधन-मारणाची दृश्ये सर्वांस खुल्या पानावर न ठेवता नोंदणीकृत विद्यार्थ्यांपुरतीच ठेवावीत. ती पाहून घरी प्रयोग करणारे उत्साही लोक समाजात कमी नाहीत.

औषधनिर्मात्यांना एक नम्र सूचना. कारखान्यातील चित्रण विद्यापीठास देताना त्यात उत्पादनाचे नाव, बाटलीवरील चिठ्ठी किंवा गुणवर्णन येऊ देऊ नये. पाठ्यपानावरील जाहिरात विद्यार्थ्याचा विश्वास घालविते. आणि १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याचा प्रश्न उपस्थित झाला तर निर्माता व विद्यापीठ या दोघांसही तो अडचणीचा ठरतो. श्रेयनामावलीत फार्मसीचा साधा उल्लेख पुरेसा आहे, आणि तो अधिक काळ टिकणारा सन्मान आहे.

कर्तव्य काय?

वैद्यबंधू-भगिनींनी आणि फार्मसी-मालकांनी करण्यासारखे काम फार खर्चाचे नाही. साधा भ्रमणध्वनी, तो स्थिर ठेवणारी तिवई आणि कपड्याला लावावयाचा ध्वनिग्राहक एवढ्यावर सुरुवात होते. आपल्याकडे जो पाक, जी परीक्षा वा जे कर्म उत्तम रीतीने होते, असे एकच निवडावे. ते करणाऱ्या ज्येष्ठ माणसास, मग तो वैद्य असो वा कढईपाशी चाळीस वर्षे उभा राहिलेला कामगार असो, त्याच्याच शब्दांत बोलू द्यावे : आता काय पाहतोस, आता काय ऐकतोस, आता आच का कमी केलीस. त्याचे नाव, दिनांक, घाणीचे प्रमाण लिहून ठेवावे आणि मूळ मुद्रण दोन वेगळ्या ठिकाणी जपावे. नंतर जवळच्या महाविद्यालयातील संबंधित अध्यापकाशी बसून, पाठाच्या नेमक्या कोणत्या वाक्याखाली ती चौकट बसावी, हे ठरवावे.

हा शेवटचा निर्णय संगणक जाणणाऱ्यावर सोपवून चालणार नाही. चौकट बसविण्याचे काम तो पाच मिनिटांत करील. परंतु शब्द कोठे अपुरे पडतात हे ज्याने हाताने पाक केला आहे त्यालाच ठाऊक असते. येत्या हिवाळ्यात आपल्या फार्मसीत तैल-घृताचे पाक लागतील, तेव्हा एक कढई या कामासाठी राखून ठेवावी, एवढीच सर्वांस विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो. इति शम्।